फलाट सातवरची पिशवी

सतरा वर्षं मी हे वाक्य म्हणतो.
गारगोटी, राधानगरी, गगनबावडा,
मलकापूरमार्गे रत्नागिरी,
आणि दोन गाड्यांच्या मधे, श्वास न बदलता:
बेवारस वस्तूला हात लावू नका.

आधी हे वाक्य नव्हतं.
विसरलेल्या छत्र्या माझ्या टेबलाखाली जमायच्या,
जेवणाचे डबे, बाळंतविड्याचं गाठोडं,
एकदा पाय बांधलेली कोंबडी.
"सायेब, कुणाचं तरी ऱ्हायलंय हे,"
म्हणत लोक आणून द्यायचे. हातानं.

मग लांबच्या एका शहरात, ऐन बाजाराच्या वेळी
सायकलला अडकवलेला डबा फुटला.
आमच्या आनंदा पोवार कंडक्टरचा मेहुणा
तिथं चादरीचा भाव करत होता.
पेटी इथंच उतरली, पहाटे, फलाट दोनवर.
आनंदाच्या गळ्यात तिकिटांचं मशीन तसंच होतं,
पेटीला खांदा देताना ते लाकडावर आपटत राहिलं.
तेव्हापासून मी हे वाक्य
कुणाला हसण्यावारी नेऊ देत नाही.

तर, मार्चमधला मंगळवार.
बाकाखाली निळी पिशवी,
खताचं पोतं कापून शिवलेली, वर सुतळीची गाठ.
मी तीनदा विचारलं माईकवरून, कुणाची आहे.
चौथ्यांदा विचारलं तेव्हा आवाज माझा राहिला नव्हता.
रसवाल्यानं गाडा जागीच सोडला,
चाक दोन फेरे आपणहून फिरलं
आणि घुंगरांसकट थांबलं.
एवढा शांत स्टँड मी संपातसुद्धा पाहिला नाही.

पथकातली कुत्री आली, हुंगलं तिनं,
आणि पिशवीशेजारी बसली.
तिचं बसणं म्हणजे काय, ते फौजदाराच्या चेहऱ्यावर दिसलं.
(पोत्यात जुन्या खताचा वास होता. हे मागाहून कळलं.)
जाड अंगरख्यातला एक पोरगा
एकटाच चालत गेला तेवढ्या मोकळ्या फरशीवरून.
असेल पंचवीसचा. त्याची आई
त्या वेळी कुठं भाकरी थापत असेल, मला उगाच वाटलं.
मग पाण्याचा फटका. धूर नाही, आग नाही.

चपला.
कापशीच्या, गोंड्याच्या, नव्या कोऱ्या,
चिंध्या होऊन सात नंबरभर पसरलेल्या,
आणि वहीच्या कागदावर पेन्सिलीनं काढलेली दोन पावलं,
डावं उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड.

दोरीपलीकडं एक म्हातारा कधीचा सांगत होता,
मुतारीला गेलतो, माझी पिशवी हाय तिथं.
कानानं अधू. माझे चारही पुकारे
त्याच्या डोक्यावरून वडाप गेल्यासारखे गेलेले.
नाव काय? फौजदारानं विचारलं.
बाबासो, म्हणाला, आणि गर्दीनं श्वास सोडला.
दस्तगीर शिकलगार, म्हणाला,
आणि गर्दीनं तो परत घेतला.

कोणी काही बोललं नाही. खरंच नाही.
फक्त बाक रिकामा झाला.
एका बाईनं पोराला दंडाला धरून जवळ ओढलं;
घटकेपूर्वी तेच पोर
कुत्रीकडं पाहून टाळ्या वाजवत होतं.
मीही, कबूल करतो, काचेआडून
त्याच्या दाढीची लांबी पाहिली.

जबाब झाला, सही झाली, अंगठ्याजवळची शाई पुसली.
नातवाचं लग्न रविवारी, अशा पायाला
बाजारातली चप्पल होत नाही, म्हणून मुद्दाम करून घेतलेल्या.
तो ओरडला नाही. खाली वाकून
शाबूत राहिलेला एक गोंडा त्यानं खिशात घातला.
माझ्या खिडकीपाशी थांबला:
"सायेब, बेवारस न्हवती.
मी हुतो की."

दुसऱ्या दिवशी झाडणाऱ्या शेवंतानं
तो कागद आणून दिला, वाळून कडक झालेला.
टेबलाखाली ठेवला, छत्र्यांच्या जुन्या जागी.
नऊ चाळीसची गारगोटी लागली.
वाक्य म्हटलं. म्हणायलाच हवं,
आनंदा समोरच उभा होता.
मग माईक बंद न करता म्हणालो,
एका पावलांच्या जोडीचं माप राहिलं आहे,
ज्यांचं असेल त्यांनी ओळख पटवून

आणि तिथंच अडलो.