पुलाच्या अलीकडे

अमळनेरच्या टॉकीजला चुकून आलेली पेटी होती ती.
पार्सल ऑफिसात कुणी लेबल बदललं देव जाणे,
मागवला होता मारधाडीचा हिंदी पिक्चर
आणि पडद्यावर आला जपानी, काळा-पांढरा,
खाली एक अक्षर लिहिलेलं नाही.
बाल्कनीत मी आणि शालिग्राम बोरसे,
खाली नऊ जण. मध्यंतरानंतर चार.

एक म्हातारा तलवारवाला, एक लाकडी पूल,
पलीकडे चाळीस घोडे.
वारा असा, की माणसाआधी त्याचे कपडेच लढायला निघायचे.
बोलणं आम्हाला काय कळणार,
पण म्हाताऱ्यानं म्यानावरचा अंगठा जरा सरकवला
की ते मात्र कळायचं.
पहिल्या घोड्यानं पुलावर ठेवायला पाय उचलला
आणि पडदा पांढरा.
ऑपरेटर धुडकूदादा खिडकीतून ओरडला,
"सातवं रीळ पेटीमा नही शे! घर जा आते!"

घरी गेलो.
घोडा डोक्यात तसाच, पाय उचललेला.

म्हणून हे टेबल.
मी कवळ्या करतो दातांच्या.
मेण, प्लास्टर, झिरो नंबरचा ब्रश हाताशीच.
पहिले सामुराई कवळीच्याच मसाल्याचे निघाले,
हिरड्यांसारखे गुलाबी, लाजल्यासारखे.
मग रंगवायला शिकलो: आधी सगळा अंधार,
उजेड शेवटी, आणि फक्त कडांना.
झेंड्याचा रंग कोणता? पिक्चर तर काळा-पांढरा.
शालिग्राम म्हणाला हळद, मी म्हणालो गेरू.
तीन महिने बोललो नाही.
शिरस्त्राण म्हणजे तुरीची डाळ,
बाण केरसुणीचे,
गवती अंगरखे केळीच्या सोपटाचे धागे काढून,
काठाला बोरीची वाळू, चहाच्या गाळणीतून चाळलेली.
बायको त्या गाळणीबद्दल अजून बोलते.

नियम आमचेच.
पायदळ एक वीत, घोडा दोन वीत चार बोटं.
वीत शालिग्रामची, कारण माझी लांब आहे.
सहा पडल्याशिवाय म्हातारा म्यान सोडत नाही.

दर रविवारी, शटर अर्धं खाली ओढून.
बाहेर चव्वेचाळीस.
टेबलफॅन लावला की झेंडे हलतात,
आम्हाला काही लागत नाही.
म्हातारा चारशे वेळा तरी मेला असेल.
एकदा पूल जळाला, खरोखरचा:
लोडशेडिंग, मेणबत्ती.
कुणीही जिंकलं की दुसरा म्हणतो, असं नसेल झालं.
पुन्हा मांडायचं.
एकतीस वर्षं.

गेल्या मंगळवारी भाच्यानं मोबाईलवर काढून दिला तो पिक्चर.
अख्खा. खाली अक्षरांसकट.
रात्री दुकानातल्या खुर्चीत रेलून पाहिला.

सातव्या रिळात लढाईच नाही.
घोडा पाय मागे घेतो. धुकं.
सकाळी पलीकडे नुसती लीद, वाफाळलेली,
आणि पुलावर बसून म्हातारा
डाव्या टाचेतला काटा काढतोय.
संपलं.

रविवारी शालिग्राम नवे धनुर्धारी घेऊन आला,
अकरा, बुटाच्या खोक्यात, कापसात निजवलेले.
याला सांगू कसं?
फासा टाकला. सहा.
म्हाताऱ्याला पुढे सरकवायला माझा हात उठेना.

शालिग्राम काही बोलला नाही. वाट बघत होता, घाई नसल्यासारखा.
तेव्हा दिसलं:
त्याचा पहिला घोडा, भुरा, पाय उचललेला,
कित्येक वर्षांत पुलावर चढलेलाच नाही.
फासा वाईट, म्हणायचा.
उन्हाळा आहे, घोडे तापलेत, म्हणायचा.
आणि आवराआवर करताना माझ्या म्हाताऱ्याला
नेहमी तोच उचलायचा,
डाव्या टाचेवरून नख फिरवायचा,
काही रुतलंय का बघितल्यासारखं.
केव्हापासून?
पुण्याला मुलीच्या बाळंतपणाला जाऊन आला, तेव्हापासून?

विचारलं नाही.
पंखा फिरत होता, हळदीचे झेंडे, गेरूचे झेंडे.
त्यानं भुऱ्याला बोटभर मागे घेतलं.
"तुनी पाळी," म्हणाला.