डावा नऊ, उजवा आठ

सावियोने पायात अडकवलं तेव्हा
मी आधी वायर शोधली.
सवय. एकतीस वर्षं बेस्टचे मीटर वाचले,
गिरगावापासून माझगावपर्यंत,
जिन्याखालच्या काळोखात टॉर्च दातांत धरून.
जे काही चालतं त्याच्यामागे
कुठेतरी एक चकती फिरत असते, एवढंच मला ठाऊक.

"प्लग कुठे याचा?"
"नाही अंकल. बॅटरी पण नाही."
घोट्यापाशी स्प्रिंग, पोटरीला पट्टा,
मांडीवरून कमरेपर्यंत ताणलेलं रबर.
सगळं मिळून वजन एका सोललेल्या नारळाएवढं.

"हे तुम्हाला चालवणार नाही," नाझनीन मॅडम म्हणाल्या.
"तुम्ही भार टाकाल तो धरून ठेवेल,
पाऊल उचलताना परत देईल."
"किती?"
"टाकाल त्याहून थोडा कमीच."
तेव्हा कुठे माझा विश्वास बसला.
जास्त देतो म्हणणाऱ्यांचे मीटर
मी बरेच उघडून पाहिलेत.

फेब्रुवारीत, ठाकूरद्वारला, दुसऱ्या मजल्यावर
वहीत चार आकडे लिहिले,
पाचवा अजून त्या मीटरमध्येच आहे.
पाय गेला, म्हणतात लोक. गेला कुठे?
होता तिथेच होता,
खोली न सोडणाऱ्या जुन्या भाडेकरूसारखा.
चवडा लोंबायचा. चपलेचं टोक घासत
घरभर माझी एक रेघ उमटायची.
सुनीती ती पुसायची, आणि पुसताना
रेडिओ मोठा करायची.

भायखळ्याच्या दवाखान्याचा व्हरांडा: बेचाळीस लाद्या.
पहिल्या दिवशी नऊ.
टाच. थांब. भार दे. आता सोड.
खट्.
चवडा वर आला, आणि मला कळेना
कुणी उचलला. मी,
की मागच्या पावलातला मी?

गुरुवारी पडलो.
शुक्रवारी पट्ट्याखाली कातडं सोललं.
मोजा उलटा घालायचा, शिवण बाहेर,
आत पावडर, हे कुणी सांगत नाही,
पाय सांगतो.

मग बूट. ब्रेसवरून बूट चढेना.
डाव्याला नऊ, उजव्याला आठ.
नळ बाजारातला दुकानदार म्हणाला,
"जोडी तोडत नाही आम्ही."
सुनीतीने माझ्याकडे पाहिलं,
आणि दोन्ही जोड घेतले, पुरे पैसे मोजून.
घरी एक खोका उरला: डावा आठ, उजवा नऊ,
कोरे करकरीत,
एकमेकांशी काही संबंध नसलेले.
कपाटावर महिनाभर.

एवढ्या मुंबईत
कुणाचा तरी उजवा अडला असेल,
कुणाचं तरी माप आठ असेल.
सावियो मापांची वही चाळत बसला,
जेवणाची सुट्टी संपेपर्यंत.

शमसुद्दीन. मदनपुरा. बेकरीत, भट्टीसमोर पडलेला.
उजवी बाजू, आणि बाजूबरोबर बोलणंही.
शब्द एकच राहिलाय त्याच्यापाशी: अच्छा.
बूट घातले, जमिनीवर एकदा आपटले.
"अच्छा," म्हणाला.
पुढच्या सोमवारी खारीचा पुडा घेऊन आला,
तो माझ्या हातात देतानाही तेच म्हणाला,
पण वेगळ्या सुरात.

आता व्हरांड्यात आम्ही शेजारी चालतो.
माझा डावा भिंतीकडे, त्याचा उजवा कठड्याकडे,
धड हात दोघांचेही आतल्या बाजूला.
खट्, माझा.
खट्, त्याचा, जरा उशिरा.

परवा एकोणिसाव्या लादीवर त्याची लेस सुटली.
वाकता दोघांनाही येत नाही.
आम्ही उभे राहून तिच्याकडे बघत राहिलो,
बराच वेळ,
जणू तीच काहीतरी करणार आहे.
"अच्छा," शमसुद्दीन म्हणाला.
आणि मला इतकं हसू फुटलं
की त्याने माझं मनगट धरलं, मी त्याचं,
आणि लेस तशीच राहिली
मॅडम येईपर्यंत.