पिशवी

रिकाम्या हातानं बाई गल्लीतून निघाली
की साखर पेठेतली सगळी दारं विचारतात,
"कुठं गं?"
हातात पिशवी असली की विचारत नाहीत.
लग्नानंतर पहिल्या आठवड्यातच
एवढं मला कळलं.

मंगळवारी कारखान्यात विड्या द्यायच्या.
हजार. मोजून, कट्टे बांधून.
कारकून दोन बोटांनी चाचपतो,
ढिली लागली की छाट.
जायला बारा मिनिटं, यायला बारा,
रांगेत अर्धा तास.
माझ्या आठवड्याचं बाहेरचं जग एवढंच,
आणि तेही तंबाखूच्या वासाचं.

अंबादास मागावर असतो.
टॉवेलांचे डझन मोजतो
तशी माझी मिनिटं मोजतो.
मारत नाही. खोटं का बोलू.
नुसतं विचारतो,
आणि मी सांगून संपले तरी
उंबऱ्यापाशी काढलेल्या माझ्या चपलांकडे बघत राहतो.
कारखान्याच्या रस्त्याची धूळ
त्याला ओळखू येते.

एका मंगळवारी रांगच नव्हती.
अर्धा तास
सुट्या पैशासारखा हातात आला.
पिशवी रिकामी झालेली, म्हणून कोपऱ्यावर
रद्दीचे चार कागद चुरगाळून आत कोंबले,
फुगली.
आणि मी सिद्धेश्वराच्या तळ्यावर जाऊन बसले.

काही केलं नाही.
आत्ता सांगतानाही वाटतं, काहीतरी जोडावं,
देवाला हात जोडले म्हणावं.
तोंड देवळाकडे होतं, एवढं खरं.
ऊन असं की पाण्याकडे बघवेना.
पलीकडे पायऱ्यांवर पुरुष शेंगा खात बसलेले,
पाय पसरून, टरफलं उडवत,
एकाच्याही हातात पिशवी नाही.
त्यांना कुणी विचारत नव्हतं
तळ्याशी तुमचं काय काम म्हणून.

मग ते होतच गेलं.
कधी दहा मिनिटं, कधी सतरा.
घरी आले की आधी मोरीत चपला धुवायच्या,
चार दिवसांनी पाणी येणाऱ्या या गावात
एक तांब्या पाणी
रोजच्या हिशेबातून चोरून.

परवा पिशवीचा बंद तुटला.
मी सुई शोधत होते.
अत्ता उठली, गुडघ्यावर हात ठेवून,
ट्रंकेतून तिची जुनी काढली,
चादरीच्या तुकड्याची,
मोराचा अर्धाच पिसारा आलेली.
"ही घे. हिच्यात जास्त मावतं."

एकोणतीस वर्षं या घरात विड्या वळलेली बाई.
मामंजी होते तोवर
दारातसुद्धा उभी राहायची नाही म्हणतात.

पिशवी झटकली तर तळाशी काहीतरी अडकलेलं.
वर्तमानपत्राचा बोळा,
पिवळा, पापडासारखा मोडणारा.
उघडला. सोन्याचा भाव
तोळ्याला दोन हजाराच्या आत.
आणि घडीत
शेंगांची दोन टरफलं.

मी बघितलं तिच्याकडे.
ती सुपावर वाकून पान कातरत होती,
पत्रा ठेवून, कडेकडेनं,
एक रेघ इकडं नाही की तिकडं नाही.
कातर थांबली नाही.
मान वर न करताच म्हणाली,
"चपला धुऊ नकोस.
पुसत जा.
धुतलेल्या लगेच दिसतात."