खिशातला कांदा

सहाला निघायचं ठरलं होतं.
सव्वासात वाजले तरी कौशिकची एक चप्पल सापडेना,
आणि ऊन गॅलरीतल्या टॉवेलवरून उतरून
घरात येऊन बसलं,
आपल्यालाही न्यायचंय अशा थाटात.

जयवंतने प्रत्येकाच्या खिशात एकेक कांदा घातला.
ऊन बाधत नाही म्हणे.
शाल्मली म्हणाली, सायन्सच्या पुस्तकात असलं काही नाही.
तो म्हणाला, परीक्षेला नको ठेवूस,
आज ठेव.

चौघं एका स्कूटरवर. गंगापूर रोड.
पुढे कौशिक उभा, आरशाला धरून,
मागे मी, मांडीवर पन्ह्याचा थर्मास.
आत बर्फाचे खडे खुळखुळत होते
कुणाचे दात वाजावेत तसे.
भर वैशाखात थंडी वाजणारा
आमच्यातला तो एकटाच.

सोमेश्वरला धबधबा नव्हता.
म्हणजे त्याची जागा होती. काळे कातळ होते,
पाण्याने घासून घासून गुळगुळीत केलेले,
आणि कपारीतल्या वीतभर सावलीत
अंग आखडून झोपलेलं एक कुत्रं.
'कुठे गेला?' कौशिकने विचारलं,
कुल्फीचं दुकान बंद दिसल्यावर विचारतो तशा आवाजात.
'गावाला गेलाय,' जयवंत म्हणाला.
मे महिन्यात सगळेच गावाला जातात,
आमच्याशिवाय.
हे मी मोठ्याने म्हटलं नाही.

खाली एका रांजणखळग्यात हातभर पाणी उरलेलं.
त्यात नखाएवढे मासे.
शाल्मलीने मोजले: एकोणीस. परत मोजले: बावीस.
तिसऱ्यांदा चौदा आले
तेव्हा तिने मोजणं सोडलं
आणि बघायला लागली.

कौशिक पाण्यातून बाहेर आला आणि नाचायलाच लागला,
दगड तव्यासारखा तापलेला.
मागे वळून बघतो तर
त्याची ओली पावलं कातळावरून नाहीशी होत होती,
आधी बोटं, मग चवडा, शेवटी टाच.
'माझे पाय कोण पुसतंय?'

मग खेळच झाला.
पाय बुडवायचे, त्या पांढऱ्या रेघेच्या दगडाला शिवायचं,
आणि आपलं पहिलं पाऊल वाळायच्या आत परत यायचं.
शाल्मली जिंकली. जयवंत घसरला, पण हसत राहिला.
मीही चपला काढल्या, साडी खोचली.
किती वर्षांनी तळव्यांना कळलं
की त्यांनाही चटका बसतो.
माझं पाऊल सगळ्यांत उशिरा वाळलं.
'आई जड आहे ना,' शाल्मलीने निकाल दिला.
असेन. थोडा वेळ तरी टिकले.

साडेदहाला ऊन ऐकेनासं झालं.
देवळाजवळच्या झाडाखाली बसलो,
डोक्यावर ओले रुमाल, रुमालांतून पाणी मानेवर.
पन्हं संपलं. मग धपाटे निघाले, ठेचा निघाला,
आणि लक्षात आलं, तोंडी लावायला कांदा राहिला घरी.

जयवंतने खिशात हात घातला.
बुक्कीने फोडला त्याचा,
मग माझा, मग शाल्मलीचा.
डोळ्यांत पाणी आलं, तेवढंच पाणी त्या दिवशी वरून खाली आलं.
कौशिकने मात्र खिसा दोन्ही हातांनी दाबून धरला.
'माझा नाही. मला ऊन लागेल.'

संध्याकाळी जयवंतचं डोकं ठणकायला लागलं.
कपाळावर ओली पट्टी, तांब्याभर पाणी,
पुन्हा तांब्याभर पाणी.
कौशिक उशाशी उभा राहून टुकूटुकू बघत होता,
एका शब्दाने काही बोलला नाही.
शाल्मली म्हणाली, हा निव्वळ योगायोग आहे,
पण जरा हळू म्हणाली.

रात्री त्याची चड्डी धुवायला टाकताना
खिशातलं ते गोल हाताला लागलं.
वरचं साल सुटून आलं होतं,
वाळूचे चार कण चिकटलेले.
सगळं घर पंख्याखाली निवलं होतं
आणि हा अजून कोमट.