मायना

रात्री दोन सत्तेचाळीसला आलेली मेल.
विषय: कोरा.
"हे, मी मंगळवारी नव्हतो. काही महत्त्वाचं झालं का?"
ना नाव, ना तुकडी. पत्त्यात नुसतं
हॉकीगोली९९.

टोलीडोत पहाटेच कुणीतरी काचेवरचा बर्फ खरवडतंय.
चहा ठेवते, उत्तर लिहिते:
"छे रे, तू नव्हतास म्हणून आम्ही
पाऊण तास भिंतीकडे बघत बसलो."
खोडते.
"सिलॅबस, पान दुसरं."
तेही खोडते. ते पान त्याने
उघडलं असतं तर ही मेल कशाला?

आमच्या शाळेत पत्रलेखनाला पाच गुण,
त्यातला दीड निव्वळ मायन्याला,
स. न. वि. वि.ला, उजव्या कोपऱ्यातल्या तारखेला.
मी पाचपैकी पाच घ्यायची
आणि बर्वेसरांना एक साधी शंका विचारायला
अख्खं वर्ष धीर झाला नाही.

हा विचारतोय तरी.

"प्रिय अमुकतमुक,
मंगळवारी प्रमाण विचलन झालं. महत्त्वाचं होतं.
गुरुवारी अकराला ये, वही घेऊन.
डॉ. शेवडे"

सात मिनिटांत उत्तर,
म्हणजे अजून झोपलाच नाहीये:
"थँक्स मिसेस शेव्ही.
कसली वही?"