चिखल क्रमांक तीन

चिखल आम्हीच कालवतो.
क्रमांक एक : बीहडातली पिवळी माती, पिठाच्या चाळणीनं चाळलेली.
क्रमांक दोन : दगडाच्या खाणीवरचा भुसा,
दातांत गेला की दिवसभर कचकचतो.
क्रमांक तीन स्वर्णरेखा नाल्यातला,
काळा, त्यात केस, धागे, कसलंतरी तेल,
एकदा तर हिरव्या बांगडीचा तुकडा.
त्याला प्रमाण नाही.
बादली जशी येईल तशी.

मुरारच्या पलीकडची रेंज. सकाळचे सात.
रामसेवक कुशवाह घमेल्यात पिस्तूल दाबतो,
बरणीत कैरीची फोड दाबावी तसं,
वरून एक पसा आणखी.
मी घड्याळ बघते. साठ सेकंद.
वर काढायचं, दोनदा झटकायचं, पुसायचं नाही.
लढाईत रुमाल कुठला, असं साहेब म्हणतात.
साहेब लढाईत गेलेले नाहीत.
आमच्यातलं कुणीच नाही.

नोंदवहीचे छापील रकाने हिंदीत आहेत.
मी मनात वाचते : चाललं, अडलं.
सगळा दिवस हिंदीत जातो, भांडण, रजा, बसचं तिकीट,
पण मोजायला लागले की मराठी वर येते,
एकोणीस, वीस, एकवीस,
ओठ हलतात म्हणे.
रामसेवकला वाटायचं, मी जप करते.

पहिला नमुना नवव्या गोळीला अडला.
दुसरा पहिल्यालाच :
रिकामं कवच अर्धं बाहेर, अर्धं आत,
दारात पदर अडकलेल्या बाईसारखं.
तिसरा मात्र
चिखल थुंकला आणि चालला,
पुन्हा पुरला, पुन्हा थुंकला, चालला.
दीडशेनंतर मी ओठ हलवायचे थांबवले,
नुसत्या रेघा मारल्या.
दोनशे.
साहेबांनी सगळ्यांना आल्याचा चहा मागवला.

चहा पिताना रामसेवक म्हणाला,
माझ्या बापावर एकदा कट्टा रोखला होता.
क्वारीच्या काठी, हरभऱ्याच्या शेतात,
माझा तेव्हा पत्ताच नव्हता.
धरणारा नदी पोहून आलेला,
कट्ट्यात गाळ.
खट् झालं.
परत खट्.
मग दोघं नुसते उभे, एकमेकांकडे बघत.
बाप सांगायचा, माझ्यापेक्षा तोच जास्त घाबरला होता.
शेवटी त्यानं विचारलं, पाणी आहे का?
बापानं लोटा दिला.

एवढंच.
पुढं काय झालं, मी विचारलं.
पुढं काय, म्हणाला, हरभरा काढला.
दोन वर्षांनी मी झालो.

मग त्यानं दुसरा नमुना घेतला, नापास झालेला,
जुन्या दात घासायच्या ब्रशनं घासत बसला.
नियमात एवढं घासणं नाही.
तो तर परत कारखान्यात जाणार, बहुधा भट्टीत.
तरी तो खाचेतला एकेक कण काढत राहिला,
उजेडाकडे धरायचा, फुंकर मारायचा, पुन्हा घासायचा.
घाई करा, असं मी म्हणणार होते.
म्हटलं नाही.

संध्याकाळी अहवाल लिहिला.
नमुना तीन : कुठल्याही परिस्थितीत भरवशाचा.
कुणाच्या हातात, असा रकाना नाही.
कुणाच्या समोर, असाही नाही.
शेऱ्यासाठी चार ओळी कोऱ्या होत्या,
त्यांवर पेन टेकवलं,
शाईचा एक ठिपका पडला,
त्यालाच सही जोडली.

लश्करात घरी पोचले तेव्हा नळ यायची वेळ झाली होती.
साबण दोनदा लावला.
नखांत क्रमांक तीन तसाच.
आईनं हात धरून दिव्याखाली नेले,
वास घेतला, काही विचारलं नाही.
म्हणाली,
कणीक आज मी मळते.