रेषा मुक्कामाला येण्याआधी

मारुती मंदिराच्या नाक्यावर, औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर
चपला बाहेर काढून बसले.
फॉर्मवर लिहिलं: केतकी तांडेल, वय सव्वीस,
व्यवसाय, मासे मोजणे.
रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, मोजणे की विकणे?
मोजणेच. मिरकरवाड्याला कुठली बोट
किती किलो बांगडा घेऊन आली
ते सरकारला कळवणे.
तिच्या कपाळावर एकही रेष नव्हती.
ओहोटीने नुकतीच मोकळी केलेली पुळण,
जिच्यावर अजून कुर्लीसुद्धा चालली नाही.

डॉक्टर परुळेकर बाई भल्या वाटल्या.
गोल आरसा जवळ आणला,
त्यात माझ्या गालाची छिद्रं जाळ्याच्या आसांएवढी.
"हसा," म्हणाल्या. हसले.
"आता रागवा." कुणावर, ते सुचेना;
मग बाबांच्या डिझेलचा अडकलेला परतावा आठवला.
"हं. बघा, ह्या रेषा येतात आणि जातात.
मुक्कामाला नाही आल्या अजून."

योग्य वय कोणतं मग?
बँकेतली पद्मजा म्हणते पंचवीस,
मोबाइलमधली एक म्हणते तेवीस,
मला उशीर झालाय का?
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
"आकडा राहू दे. ऊन किती, ते सांगा."

ऊन?
सकाळी सहा ते अकरा, पुन्हा तीननंतर.
एक वरून, एक पाण्यावरून,
तिसरं बर्फाच्या लाद्यांवरून.
पाच वर्षं वजनं लिहितेय,
ऊन कधी लिहिलंच नाही.
त्याला रकाना नाही.

सुईचा दर सांगितला, माझा सव्वा महिना.
मग स्वतःच कागदावर लिहिलं: मलम, रुंद काठाची टोपी,
खाली, "सुई? दोन वर्षांनी बघू. हवी असेल तर."
तीनशे रुपये.
मी घाबरून घ्यायच्या तयारीने गेले होते,
आणि जिना उतरताना
उगाच फसवल्यासारखं वाटलं.

खाडीकाठी नवी होडी उलटी पडली होती.
अंता मेस्त्री तिला तेल पाजत होते,
चिंधीने, फळीफळीला, कान धुतात तसं.
म्हटलं, पाण्यात गेली नाही अजून,
आत्तापासून?
"तडकल्यावर पाजतात ते औषध," म्हणाले,
"आधी पाजतात ते तेल."
बरं वाटलं ऐकून. चार पावलं गेले
आणि कळलं, होडीला कुणी सांगत नाही
की फोटोत तू दमलेली दिसतेस.

हमीदाआपा जेटीवर पाटी उतरवून बसली होती.
बेचाळीस. डोळ्यांच्या कडेला खाडीचे फाटे,
हसली की भरती येते त्यांना.
मला वाटलं ती म्हणेल, पैसा वर आलाय तुझा.
वाटलं, म्हणावंच तिने,
म्हणजे मला कागद फाडता येईल.
तिने माझ्या गालावरचं न मुरलेलं मलम बोटाने उचललं,
हुंगलं.
"माझा वय गेला काय गो?"

रोज चाळीस बोटींची उत्तरं लिहिते मी.
हे येईना.
ते बोट तिने आपल्या गालावरून ओढलं,
हाताला चिकटलेल्या खवल्यासकट,
एकाच बाजूला,
आणि बर्फाच्या पावतीच्या पाठीवर
माझ्याकडून पत्ता लिहून घेतला.
"मंगळवारी माल कमी असतो," म्हणाली,
"मंगळवारी जाऊ. तू ये सोबत. नि घरात बोलू नको."
खवला चमकत राहिला गालावर.
मी काही बोलले नाही.

दीपस्तंभाच्या अलीकडे बोटी दिसायला लागल्या.
टोपी पिशवीतच होती.
मी डोळे बारीक केले,
दोन भुवयांच्या मध्ये ती आली,
आणि थांबली,
सोळा मोजून होईपर्यंत.